जर्दाळूची झोप

वाळत घातलेला उशीचा अभ्रा वाऱ्याने उडवला आणि विटांच्या ओळीपलीकडे नेऊन गुलाबाच्या काट्यांत अडकवला, तेव्हा मोनीर तोंडात चिमटा धरून तशीच उभी राहिली. एरवी तिने हाक मारली असती, अहो, कपडा पडलाय तिकडे. आणि हेदायतने कात्री खाली ठेवून, दोन बोटांच्या चिमटीत तो कपडा धरून, शेजाऱ्याची चुकार शेळी परत करावी तसा ओळीवरून तिच्या हातात दिला असता. 'अहो' ओठांपर्यंत आलंही. मग ध्यानात आलं की हेदायत मागे खिडकीच्या आत, चाकाच्या खुर्चीत आहे, उन्हाळा संपता संपता त्याचं उजवं अंग गेलं आहे, आणि या अंगणात आता हाक मारावी असं कुणी नाही. शरदातला आबान महिना निम्मा सरला होता. हमदान शहरामागच्या अल्वंद डोंगराच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसायला लागलं होतं. तिने चिमटा खिशात टाकला आणि विटांवरून पाय पलीकडे ठेवला. एवढंच. पानांच्या थराखालची माती मऊ होती, सपात रुतली, थंडावा मोज्यातून आत आला. पण चौतीस वर्षांत न टाकलेलं पाऊल होतं ते, आणि तिला कुणाच्या तरी कपाटात हात घातल्यासारखं वाटलं. ती काट्यांतून अभ्रा सोडवत होती, तोच मागून काचेवर आवाज आला. टक्, टक्, टक्. हेदायतची अंगठी. ती दचकली आणि अभ्रा उभा फाटला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. लोणच्याची बरणी रिकामी केली आणि खारं पाणी तिने सहज, कुठे टाकायचं म्हणून, चेरीच्या रोपाच्या बुंध्याशी ओतलं. हेदायतने ते कलम स्वतः बांधलेलं, मेणाने लिंपलेलं. आठ दिवसांत पानं कडेने जळाली. तो ओरडला नाही. भूगोलाचा मास्तर होता, वर्गातही कधी ओरडत नसे. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याने हातगाडीवर विटा आणल्या आणि अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक ओळ बसवली. इकडे हौद, विहिरीची मोटर, कपड्यांची दोरी. तिकडे जर्दाळू, द्राक्षाचा वेल, अंजीर, गुलाब. "मोनीर, तुझ्या हातात विस्तव आहे," तो हसून म्हणाला होता. "इकडचं तुझं, तिकडचं माझं. भांडण नको." पुढे पाहुणे आले की तो ही गोष्ट सांगायचा, विटांकडे बोट दाखवून, आणि पाहुणे हसायचे, आणि चहाचे पेले घेऊन आलेली मोनीरही हसायची. गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली की ती खरी झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने लावलेला पुदिना मेला. तुळशीसारखी ती जांभळी रेहान, जी कुणाच्याही दारात उगवते, तीही मेली. हात खरंच तसा होता म्हणून मेली, की पाणी घालताना तो थरथरायचा म्हणून, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही. काही प्रश्न विचारायला अंगणात जागा लागते.

पुढच्या शुक्रवारी हेदायतचा धाकटा भाऊ नासेर आणि त्याची बायको एशरत आले. नासेर चांगला माणूस होता, इस्पितळाच्या सगळ्या धावपळी त्यानेच केल्या होत्या. पण चांगल्या माणसांना दुसऱ्याच्या घरातलं काय काढून टाकावं हे फार पटकन सुचतं. चहा होईपर्यंत तो अंगणात फिरून आला.

"वहिनी, एक सांगू? रागावू नका. दादांची बाग होती, दादांबरोबर..." तो थांबला, खुर्चीकडे बघून त्याने शब्द गिळला. "म्हणजे, आता कोण बघणार? सरळ फरशी घालू. दादांची खुर्ची दारापर्यंत जाईल. माझी गाडीही आत लागेल."

"झाडं?" मोनीरने विचारलं.

"झाडं काय, यंदाच्या थंडीत तशीही जातील. बघायला कोणी नाही."

"मी आहे ना."

एशरत हसली. वाईट हसली नाही. पाहुण्यांत हसायचं तसंच हसली. "मोनीर जान, तुझा हात तुला माहीत नाही का? तू फक्त बघितलंस तरी झाडाला ताप येईल."

खिडकीशी बसलेला हेदायत म्हणाला, "दजला." आजारानंतर त्याच्याकडे दोनच शब्द उरले होते. एक 'ना'. दुसरा हा, एका नदीचं नाव. तीस वर्षं नकाशावर काठी टेकवून शिकवलेल्या शेकडो नद्यांतली हीच नदी का उरली, कुणास ठाऊक. भूक लागली की दजला, उजेड डोळ्यावर आला की दजला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो दजला म्हणत होता, आणि फरशीला हो म्हणतोय की झाडांना, हे तिघांपैकी कुणालाच कळलं नाही.

"नवरोजपर्यंत थांबा," मोनीर म्हणाली. आपण हे का म्हणालो ते तिलाही कळलं नाही. घशाला कुठून तरी आवाज आला होता, एवढंच.

"थांबू की," नासेर म्हणाला. "थंडीत मिस्त्री कुठे मिळतोय?"

मग आझर महिना, हिवाळ्याच्या तोंडचा. रोज सकाळी हेदायतला पुसून, भरवून, खिडकीशी बसवून ती पलीकडे जायची आणि रोज काच वाजायची. पानं गोळा करायला लागली, टक् टक्. पानं तशीच राहू दिली, टक् टक्. वेल मांडवावरून सोडवायला घेतला तर अंगठी काच फोडते की काय असं वाटलं. हा वेल तो दरवर्षी छाटून मातीत पुरायचा, हे तिने स्वयंपाकघरातून चौतीस वेळा पाहिलं होतं; पण नेमका कुठून कापायचा, कोंब फुटायचे किती डोळे ठेवायचे, हे लांबून दिसत नाही. तिने कात्री धरली, काचेकडे पाहिलं. त्याने मान हलवली. कात्री एक डोळा वर नेली. मान हलली. एक खाली. मान हलली. त्याचं डोकं आता आपोआपच हलतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं तिला मग आठवलं. चौतीस वर्षं हे डोकं असंच हलत होतं आणि ती त्यातून अर्थ काढत होती, असाही एक विचार तिच्या मनातून सरकून गेला, आणि त्या विचाराची तिला भीती वाटली, आणि भीतीच्या तळाशी काहीतरी हसलं. तिने डोळे मिटले नाहीत, देवाचं नावही घेतलं नाही. कापलं. वेलाच्या आतला रंग फिकट हिरवा होता, ओला. मग तिने वेलाखाली लांब चर खणला, फांद्या जोडून बांधल्या, आडव्या केल्या आणि झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तशी वरून माती लोटली. अंजिराचंही तसंच. संध्याकाळी तिच्या तळहातांना फोड आले होते. ते फोड तिने दिव्याखाली धरून पाहिले. विस्तव म्हणतात तो हाच असेल तर बराच ओला होता. पण जर्दाळू कसा पुरणार? दोन मजल्यांइतकं झाड. ते मधोमध उघडं उभं होतं, आणि खरं तर बागेचा जीव त्याच्यातच होता.

त्या जर्दाळूने हेदायतलाही फार दाद दिली नव्हती. वसंत लागला की, फरवर्दीनमध्ये, नवरोजची सुट्टी संपली की ते झाड असं फुलायचं की गल्लीतले लोक दारातून आत डोकावायचे. मग एक गारठलेली सकाळ यायची आणि फुलं चहाच्या चोथ्यासारखी व्हायची. हेदायत त्या चोथ्याखाली उभा राहून म्हणायचा, "समुद्रसपाटीपासून अठराशे मीटर! इथे जर्दाळू म्हणजे हट्टच." चार-पाच वर्षांतून एकदा फळं यायची. बाकीच्या वर्षी अठराशे मीटर.

दय महिन्यात थंडी उतरली ती उतरलीच. नळ गोठले, हौदावर साय धरली. एके दिवशी दुपारी मोटरीजवळून जाताना रात्रभर ठिबकलेल्या पाण्याच्या डबक्यावर मोनीरचा पाय पडला. बर्फाची पातळ काच मोडली. कर्र. तेवढ्या आवाजाने ती सात वर्षांची झाली. मलायर शहराखालचं माहेरचं गाव, बाबांची बाग, आणि झाडांच्या मधून सगळीकडे बर्फ, वाफ्यावाफ्यांतून सपाट, काळपट, चकाकणारा बर्फ. ती आणि तिच्या बहिणी बाबांचे रबरी बूट घालून त्यावरून घसरताहेत, एका झाडाला धरून दुसऱ्या झाडापर्यंत, आणि आई दारातून शिव्या देते आहे, मोजे ओले करून आणा, मग दाखवते. हे तिला नेहमीच आठवायचं. हे सुखाचं चित्र होतं, ती ते अधूनमधून काढून बघायची आणि परत ठेवायची. बर्फ पोरांसाठी देवाने घातलेला, असंच तिला वाटत आलं होतं. पण आज, मोडक्या काचेत पाय ठेवून उभी असताना, चित्राच्या कडेला एक माणूस दिसला. तो आधीही तिथे असला पाहिजे. बाबा. मिशांवर दव गोठलेलं, खांद्यावर फावडं. ऐन कडाक्याच्या दुपारी ते पाटाचं तोंड फोडत होते आणि पाणी वाफ्यांत सोडत होते. बर्फ देवाने घातला नव्हता. बाबा घालत होते. दर हिवाळ्यात, तीन-तीन वेळा, मुद्दाम. यखआब, हा शब्द तिच्या तोंडात आला, बर्फाचं पाणी. साठ वर्षांची जीभ त्या शब्दाभोवती फिरली. आणि मग बाबांचा आवाजही आला, तंबाखूने खरखरीत झालेला. थंडी सरतानाचं, बहमन महिन्याचं ऊन लबाड असतं, पोरी. ते झाडाला म्हणतं, ऊठ. मूर्ख झाड उठतं, आणि मग फरवर्दीनचा गारठा त्याची मान मुरगाळतो. म्हणून मी त्याचे पाय थंड ठेवतो. पाय थंड पडलेला माणूस कधी अंथरुणातून लवकर उठतो का?

ती मोटरीच्या कट्ट्यावर बसली. लग्नात तिने काय काय आणलं होतं, ते सासरच्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं. गालिचा, सामोवार, तांब्याची सहा पातेली. हे त्यात नव्हतं. हे आपण आणलंय हे तिलाच माहीत नव्हतं. हेदायतला एकदा कुणीतरी यखआबबद्दल विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "खेडवळ समजूत. गोठलेलं पाणी झाडाला पाजणं म्हणजे तापकऱ्याला बर्फात बसवणं." ती तेव्हा तिथेच होती, पेले उचलत. तिच्या बापाच्या बागेचे जर्दाळू वाळवून हमदानच्या बाजारात येत, पोतीच्या पोती. ती काही बोलली नव्हती. का बोलली नव्हती? बोलायला आठवावं लागतं, आणि ज्या घरात आपल्याला काही येत नाही असं ठरलेलं असतं, तिथे माणसाला आठवतही नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने रबरी बूट चढवले. हेदायतचेच, दोन मोजे घालून. मोटरीचा पाइप गोठला होता. तिने सामोवारातलं उकळतं पाणी त्याच्यावर ओतलं, मोटर खोकली, गुरगुरली, आणि पाणी आलं. पण वाफ्याला बांध नव्हता, पाणी सैरावैरा हौदाकडे पळायला लागलं. फावड्याने माती ओढावी तर माती दगड झालेली. ती इकडेतिकडे पाहत राहिली, आणि तिची नजर विटांवर गेली. एक वीट तिने बुटाच्या टाचेने हलवली. सुटली. दुसरी. खाली किडे झोपले होते, गोल, पांढरे. मग ती भराभरा विटा उपटायला लागली आणि जर्दाळूभोवती गोल मांडायला लागली, खिडकीच्या आत खुर्ची खडखडायला लागली, आणि काचेतून, भिंतीतून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. "ना! ना! दजला! ना!"

ती दोन्ही हातांत विटा घेऊन खिडकीशी गेली. काच तिच्या श्वासाने धुरकटली, आत त्याचा चेहरा पुसट झाला. तो तोंड वाकडं करून रडत होता की ओरडत होता, कळत नव्हतं. "हो," ती म्हणाली. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्याने: "हो! ओरडा तुम्ही, मी ऐकतेय. पण हो." आणि परत फिरली. पाणी विटांच्या गोलात भरत गेलं, बुंध्याला टेकलं, त्यात आभाळ उतरलं. तिच्या पाठीत उभ्या आयुष्यात कधी नव्हती अशी ऊब होती. संध्याकाळी हेदायतने चहाच्या पेल्यापासून तोंड फिरवलं. तिने दोनदा पुढे केला. मग स्वतःच पिऊन टाकला, खडीसाखर दातांत धरून, सावकाश.

शेजारचा पीरूझ, जन्मभर हमदान-तेहरान बस चालवलेला माणूस, दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून भिंतीवरून डोकावला. त्याच्याकडेही जर्दाळू होता आणि त्याची तो फुशारकी मारायचा.

"मोनीर खानुम, हे काय? घसरगुंडी?"

"हो पीरूझ आगा. या खेळायला."

"कंबर मोडली तर खर्च तुमचा! अहो, पण झाड मरेल ना."

"मेलं तर तुमच्याकडचं सरपण वाचेल."

तो हसला, पण उतरताना मान हलवत उतरला. चार दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की मास्तरांच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. बहमनमध्ये मोठा बर्फ पडला, लोक गच्च्यांवरून फावड्यांनी बर्फ गल्लीत लोटायला लागले, तेव्हा तर त्यांची खात्रीच झाली. कारण मोनीर हातगाडी घेऊन तो बर्फ आत न्यायला लागली. "आम्ही फेकतो, ही उचलते," बेकरीतल्या बायका म्हणाल्या. एकीने गरम संगक रोटीचा तुकडा तिच्या हातात दिला, वेड्या माणसाला देतात तसा. ती तो हसत खात घरी आली. तिने तो बर्फ गोठलेल्या पाण्यावर थापला आणि वर गुडघाभर पेंढा पसरला. पेंढ्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पेंढ्याचा वास तिला आठवला होता, ओल्या मोज्यांच्या वासात मिसळलेला, तेवढ्यावरून.

पण दिवसा हसणारं माणूस पहाटे जागं होऊन पडून राहतं. एस्फंदमध्ये, हिवाळ्याच्या शेवटच्या महिन्यात, ऊन कोवळं व्हायला लागलं, गच्च्यांवरून थेंब गळायला लागले आणि तिचा धीरही गळायला लागला. तापकऱ्याला बर्फात बसवणं. ती पहाटे डोळे उघडायची आणि हेच वाक्य छातीवर बसलेलं असायचं. बाबांचं म्हणून जे आठवलं ते खरंच बाबा म्हणाले होते का? सात वर्षांची पोर काय ऐकते, काय लक्षात ठेवते? कदाचित ते दुसऱ्या कसल्या झाडाबद्दल बोलत असतील. कदाचित तिला बोलणारा बाप हवा होता म्हणून तिने तो बोलता केला असेल. शेजारच्या खाटेवर हेदायत झोपेत घोरायचा. त्याचा चांगला हात पांघरुणाबाहेर आलेला असायचा, मातीत काम केलेला, नखांच्या कडा काळ्याच राहिलेला हात. या हाताचं एवढंच एक होतं आणि तेही मी मारलं असेल तर? ती तो हात आत घ्यायची. त्याला कळायचं की नाही कोण जाणे, बोटं तिच्या बोटांभोवती मिटायची. त्याच्यावर तिचा राग होता आणि माया होती आणि दोन्ही एकाच जागी राहत होती, भांडण न करता.

नवरोज आला आणि गेला. फरवर्दीनच्या दहा-बाराला गल्ली पांढरी झाली. पीरूझच्या भिंतीवरून फुलांचे झुबके लोंबायला लागले, बेकरीमागचं झाड फुललं, मशिदीच्या आवारातली दोन्ही फुलली. मोनीरचं झाड काळं. काठ्या. पेंढा बाजूला केला की खाली अजून बर्फ, राखाडी, कठीण, आणि हात लावला की हाडापर्यंत थंड. नासेर मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्री म्हातारा होता, त्याने फीत उलगडली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत धरली.

"वहिनी, आता बघा तुम्हीच," नासेर हळू आवाजात म्हणाला, जसं इस्पितळात बोलायचा. "सगळ्या गावात फुललंय. हे गेलं. तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं."

मोनीर झाडाकडे गेली. अंगठ्याच्या नखाने तिने एका फांदीची साल खरवडली. नख आत जाईपर्यंतचा तो क्षण तिला पुढे कधीही आठवला तरी तिचा श्वास अडकायचा. हिरवं. ओलं हिरवं. तिने दुसरी फांदी खरवडली, तिसरी.

"नासेर, फीत गुंडाळायला सांग."

"वहिनी, अहो हिरवं असलं तरी फुलायची वेळ..."

"वेळ कुणाची? तुझी की त्याची?" ती इतक्या शांतपणे बोलली की नासेर एक पाऊल मागे सरला. "फरशी लागणार नाही या अंगणात. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही. गाडी तुझ्या दारात लाव. मिस्त्रीबाबा, तुम्ही बसा, चहा घेऊन जा."

म्हातारा मिस्त्री एवढा वेळ उकिडवा बसून पेंढ्याखाली हात घालून बघत होता. त्याने फीत गुंडाळली आणि चहा घेतला, दोन पेले.

फरवर्दीनच्या एकविसाव्या दिवशी संध्याकाळी वारा उत्तरेकडे फिरला. सकाळी मोनीर बाहेर आली तेव्हा कपड्यांच्या दोरीला बर्फाचे दात फुटले होते. भिंतीपलीकडे पीरूझ कुणाला तरी शिव्या घालत होता. आभाळाला घालत असावा. ती शिडीवरून डोकावली. त्याचं सगळं झाड तपकिरी, फुलं चुरगळलेल्या कागदासारखी, आणि तो खाली उभा, हातात टोपी. बेकरीमागचं तसंच, मशिदीतलं तसंच. मोनीरला आनंद झाला नाही. तिला त्या माणसाच्या टोपीकडे बघवेना. ती उतरून आपल्या झाडाशी आली. फांद्यांवरचे डोळे घट्ट मिटलेले होते. सगळे. गारठा येऊन गेला आणि त्याला या झाडात कुणी जागं सापडलंच नाही.

नंतर नऊ दिवसांनी जर्दाळू फुलला. एका रात्रीत नव्हे, आळसावलेल्या माणसासारखा, आधी दक्षिणेकडची एक फांदी, मग सगळ्याच. आणि सगळ्या गल्लीत त्या आठवड्यात दुसरं फूल नव्हतं, म्हणून सगळ्या गल्लीच्या मधमाश्या तिच्या अंगणात आल्या. त्या आवाजाने घर गुणगुणायला लागलं; सामोवार लावलाय की काय असं वाटून ती दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आली. तिने हेदायतची खुर्ची लोटत बाहेर आणली, थेट झाडाखाली. त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पाकळ्या त्याच्या घोंगडीवर पडत होत्या. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. बघायची गरज वाटली नाही, हे तिला जरा वेळाने जाणवलं आणि तिने पदरासारखा डोक्यावरचा रुमाल सैल केला आणि ती आभाळाकडे तोंड करून मोठ्याने हसली. कुणीही कसलीही गोष्ट सांगितलेली नसताना.

तीर महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, फांद्यांना टेकू द्यावे लागले. तिने थाळ्या भरभरून घरोघरी पाठवल्या, एशरतकडे सगळ्यात मोठी. एशरत स्वतः थाळी परत द्यायला आली, रिकामी थाळी देऊ नये म्हणून तिच्यात नाबात, म्हणजे खडीसाखर, घालून. "हात दाखव बघू," ती म्हणाली, आणि मोनीरचा तळवा उलटसुलट करून बघत राहिली. "असाच तर आहे." "असाच होता," मोनीर म्हणाली. हेदायतला ती फळं सोलून, चुरून भरवायची. तो खायचा, बशीत काढलेल्या बियांवरून बोट फिरवत. एकदा त्याचा कोट धुवायला घेतला तेव्हा खिशात जर्दाळूच्या बिया सापडल्या. अकरा होत्या. चाटून स्वच्छ केलेल्या, डाव्या हाताने एक-एक करून कधीतरी आत टाकलेल्या. तिने कोट धुतला, वाळवला, आणि बिया पुन्हा त्याच खिशात घातल्या.

पुन्हा दय महिना आला. एका दुपारी पीरूझने शिडीवरून डोकं वर काढलं. त्याने आपल्याही झाडाभोवती मातीचा बांध घातला होता, अनाडीपणे, बसच्या चाकाएवढा रुंद. बेकरीवाल्यानेही घातला होता. मशिदीच्या झाडूवाल्याने दोन घातले होते, आणि गल्लीच्या तोंडाच्या घरातल्या नव्या सुनेनेही, जिला अजून कुणी नीट ओळखत नव्हतं. सगळ्यांच्या नळ्या जोडलेल्या होत्या.

"मोनीर खानुम," पीरूझने टोपी काढली. "आज पाणी सोडायचं का?"

मोनीरने हातमोजा काढला. खाली वाकून उघडा तळवा जमिनीवर टेकला आणि तसाच ठेवला. वरून गोठली होती माती, पण खोलवर अजून थोडी मऊ होती, पुरती गोठायला अजून एक रात्र लागणार होती. ती सावकाश उठली, गुडघा झटकला.

"आज नाही. उद्या दुपारी."

"उद्या!" पीरूझ भिंतीपलीकडे वळून ओरडला. "खानुम म्हणतात उद्या!" आणि मग तिला ऐकू येत राहिलं, एका दारातून दुसऱ्या दारात, बेकरीपर्यंत, मशिदीपर्यंत, गल्लीच्या तोंडापर्यंत: उद्या, उद्या, खानुम म्हणाल्या, उद्या.